वरचा स्क्रू

अकोले,
ता. ११ मार्च १९७३

प्रिय गहिनीनाथ,

तुझं कार्ड गुरुवारी मिळालं. चार ओळी, त्याही शिसपेन्सिलीने. एकोणीस तारखेला चौकशीत साहेबांपुढे उभा राहून तू कबूल करणार, की बोट मीच वाजवीपेक्षा जास्त पळवली, म्हणून गिअर जळाले आणि साळूबाई दवाखान्यापर्यंत पोचली नाही. नोकरी जाईल तर जाऊ दे, निदान रात्रीची झोप तरी लागेल, असं लिहितोस. फरीदाने कार्ड वाचलं आणि चुलीपुढे बसून रडली. मला रडू आलं नाही, राग आला. तू पहिल्यापासून असाच. कुणाची म्हैस दुसऱ्याच्या उसात शिरली तरी हा म्हणणार, फाटक माझ्याच हातून उघडं राहिलं असेल. तुला चार शिव्या द्याव्यात म्हणून कागद घेतला, पण आता शाई दुसरीकडेच वळते आहे.

मनकर्णावहिनींचा गुडघा कसा आहे? देवळालीत तू उसाच्या ट्रॅक्टरवर चढलास हे ऐकून बरं वाटलं आणि वाईटही. ज्याने चार वर्षं धरणावर बोट हाकली, त्याला ढेकळांत करमतं का रे? इकडे पाणी फार खाली गेलंय. आपला धक्का कोरडा पडला, त्याच्या पायऱ्यांवर शेळ्या बसतात. बोट ओढून शेडमध्ये घेतली आहे. गेल्या आठवड्यात मुंबईहून नवे गिअर आले आणि मी शेपटी उघडून बसलो. बोटीमागे पाण्यात लोंबणाऱ्या त्या लोखंडी पायाला शेपटी हे नाव तूच दिलंस, आता साहेबसुद्धा तेच म्हणतात.

ती नवी आली तेव्हा मुंबईचा फिटर दोन दिवस राहिला होता, आठवतो? पांढऱ्या पँटवाला, चिखलात बसायच्या आधी पेपर अंथरायचा. त्याने दोन गोष्टी आपल्याकडून घोकून घेतल्या होत्या. तेल नव्वद नंबरचंच, ट्रकचं एकशेचाळीस नाही, थंडीत ते खालच्या गिअरांपर्यंत पोचतच नाही. आणि तेल भरायचं ते खालच्या भोकातून, पिचकारीने, वरच्या स्क्रूच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. शिवाय जुनं तेल ताकासारखं पांढरट निघालं तर समजायचं, सील गेलं, पाणी शिरलं. तू हे सगळं वहीत लिहून घेतलंस. मी पेटीवर बसून बिडी ओढत होतो. नगरला अकरा वर्षं ट्रकखाली काढलेल्या माणसाला हा पोऱ्या तेल ओतायला शिकवतो, असं मला वाटत होतं. तो गेल्यावर मी त्याची नक्कल केली होती आणि तूही हसला होतास, पण वही मात्र जपून ठेवलीस.

डिसेंबरातली ती सकाळ आपण दोघांनीही कधी उकरून काढली नाही. पहाटेपासून हातपाय वळत नव्हते इतकी थंडी. मी तेल बदललं, तू आलास, चहा घेतला आणि पलीकडच्या वाडीवरून निरोप आला म्हणून निघालास. पुढचं मी त्याच दिवशी तुझ्याच तोंडून ऐकलं. साळूबाई आदल्या दिवसापासून अडलेली, राहीबाई सुईणीने हात टेकलेले. तिला बोटीत निजवलं, तिचा नवरा भीमा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. ती ओरडायला लागली तसा तू लिव्हर पुढे ढकललास. कोण ढकलणार नाही? निम्म्या पाण्यात शेपटी किंचाळली आणि अडकली. मग तुम्ही फळ्यांनी वल्हवत आलात, तीन तास. मी धक्क्यावर उभा होतो. बोट दिसली तेव्हा ओरडणं थांबलेलं होतं. भीमाने तिला कुणाला हात लावू दिला नाही, एकट्याने उचलून नेलं, तिला आणि पोटातल्याला.

चौकशीचे साहेब आले, त्यांनी जळालेले गिअर पाहिले. शेपटी तडकली होती, होतं नव्हतं ते तेल धरणात गेलेलं. मोजायला काहीच शिल्लक नव्हतं. ड्रायव्हरने बोट जास्त पळवली का, एवढंच त्यांनी विचारलं आणि तू होकाराची मान हलवलीस. मी तुझ्या शेजारी उभा होतो, गहिनीनाथ, हातभर अंतरावर. चौकशी संपेपर्यंत तुला घरी बसवलं आणि मी महिनाअखेरीला पगार घेऊन पोरींना परकराचं कापड आणलं.

परवा शुक्रवारी भीमा शेडमध्ये आला. तो अधूनमधून येतो, बोटीकडे बघत बसतो, तुझ्या नावाने पुटपुटतो आणि जातो. मी तडकलेली शेपटी सांधून, नवे गिअर बसवून तेल भरत होतो, एकट्याने जमत नव्हतं, म्हणून त्याला डबा धरायला सांगितला. मी खाली उताणा पडून पिचकारी मारतोय, तो डबा पुढे करतोय, असं बराच वेळ चाललं. मग त्याने सहज विचारलं, "एवढं कशापायी? वरनंच वतायचं की."

माझ्या तोंडून मेकॅनिकचं उत्तर निघून गेलं. वरून ओतलं तर आत हवा अडकते, तेल वरच्या वर काठाला येतं, भरलंसं वाटतं, आणि खालचे गिअर कोरडे राहून जळतात. बोलून झालं आणि मला पुढे पिचकारी दाबता येईना. भीमा अडाणी असेल, मूर्ख नाही. त्याने डबा खाली ठेवला. "त्या दिशी कुटनं भरलं हुतं?" मी पडल्या पडल्याच सांगितलं. नव्वदचा डबा संपला होता, पिचकारीचा वायसर फाटलेला होता, उताणं पडायला जमीन बर्फासारखी गार होती. शेडमध्ये ट्रकच्या तेलाचं पिंप होतं, एकशेचाळीसचं. ते काकवीसारखं हळूहळू उतरत होतं. मी ते वरच्या भोकातून ओतलं, ट्रकला ओततात तसं, काठाला आलं आणि स्क्रू लावून टाकला.

मला वाटलं हा आता पाना घालतो डोक्यात. घातला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तीन म्हयनं मी त्याच्या नावानं माती टाकली. आदी त्याला सांग." मग त्याने डबा उचलून परत माझ्यापुढे धरला. वरच्या भोकातून तेल येईपर्यंत धरला आणि निघून गेला.

काल मी साहेबांना लेखी जबाब दिला. माझं काय होईल ते होवो, फरीदाला सांगितलंय, तिने पोरींसह माहेरी जायची तयारी केली आहे. पण जबाबात एक गोष्ट लिहिली नाही, कारण ती साहेबांची नाही, तुझी आहे. तू दर वेळी निघण्याआधी स्वतः वरचा स्क्रू काढून तेल बघायचास. त्या सकाळीही स्क्रूड्रायव्हर तुझ्या हातात होता. तू विचारलंस, "नव्वदच ना? खालनंच भरलं ना?" आणि मी म्हणालो, "व्हय." तू स्क्रूड्रायव्हर पेटीत ठेवलास, कारण मी, तुझा अजीज, म्हणालो. वरून ओतणं ही माझी चूक होती, माणसाच्या हातून होते तशी. ते 'व्हय' मात्र नुसती चूक नव्हती. तुझ्यासमोर कमीपणा नको, म्हणून ते मी जाणूनबुजून म्हणालो, आणि तेवढ्यावर विसंबून तू साळूबाईला बोटीत घेतलंस. एकोणीसला तू काहीही कबूल करायचं नाहीस, एवढ्यासाठी हे पत्र. तुला परत घेतील, असं साहेब म्हणाले. बोट तयार आहे. तेल नव्वदचं आहे, खालून भरलंय, दोन्ही स्क्रूंना नवे वायसर आहेत. तरी पाण्यात उतरवण्याआधी वरचा स्क्रू काढ, तेल काठाला आहे का बघ, बोटावर घेऊन रंग बघ. भरलंय म्हणून कुणीही सांगू दे, तू बघितल्याशिवाय लिव्हरला हात लावू नकोस. मी सांगितलं तरी नाही.

तुझाच,
अजीज