बगळ्याचा शेरा

२ फेब्रुवारी, सोमवार

पोपट काढला! किती दिवस भांडत होते. पोर्तुगीज कप्तानाच्या खांद्यावर चित्रकार मुलीने हिरवागार पोपट बसवला होता. "हा कशाला?" तर म्हणे, "बाई, समुद्र म्हटला की पोपट लागतोच." लागतोच! कुणी सांगितलं? शेवटी मालक मध्ये पडले. हे गृहस्थ ऑफिसात जोडे काढून नुसत्या मोज्यांवर फिरतात, म्हणून मी त्यांना मनात मोजेवाले म्हणते. मोजेवाले म्हणाले, "बाई म्हणतायत तर उडवा पोपट." उडाला. आता कप्तानाच्या हातात सूर्याची उंची मोजायचं पितळी चक्र आहे. शोभतं.

ताईच्या मुलीने मला या उद्योगात ओढलं त्याला सहा महिने होत आले. ती तिथली मुख्य डिझायनर. इतिहासावरचा, डावपेचांचा कॉम्प्युटर गेम. आठ राष्ट्रं, खेळणाऱ्याने एक निवडायचं आणि वाढवायचं. पोर्तुगीज माझ्याकडे. जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला, पण अख्खं राष्ट्र उभारायला कुणी दिलं नव्हतं!

यांना सांगितलं. "पोरखेळ," म्हणाले. थोड्या वेळाने, "पंखा लावू का?"

विचारायचं काय त्यात! उकडतंय तर लावावा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गेममध्ये प्रत्येक राष्ट्राला एक खास नियम मिळतो. माझा नियम आज पहिल्यांदा पडद्यावर चालताना पाहिला. खुर्चीतून उठून उभी राहिले — लाज वाटली नंतर.

नियम साधा. एवढासा देश, मूठभर माणसं. सैन्य उतरवून मुलूख जिंकायला माणसं आणणार कुठून? म्हणून त्यांनी समुद्राच्या चिंचोळ्या वाटा धरल्या. होर्मुझ, मलाक्का. तिथे किल्ला बांधून बसले आणि म्हणाले — इथून जायचं तर आमचा परवाना घ्या. नसेल तर माल जाईल, जहाजही जाईल. माझ्या गेममध्ये हेच. दुसऱ्या खेळाडूचं जहाज पोर्तुगीज बंदराजवळ आलं की चौकट उघडते — "पुढे जाऊ का?" पोर्तुगीज खेळाडूने म्हणायचं, जा. नाहीतर, थांब. एवढंच! तलवार न उपसता समुद्र आपला.

ऑफिसात एक पोरगेला गृहस्थ आहे, सगळ्या राष्ट्रांचं बळ सारखं ठेवणं हे त्याचं काम. त्याला सगळे तराजू म्हणतात. तराजू कुरकुरला, "बाई, तुमचं राष्ट्र जमिनीवर पटकन मरतं."

"मरू दे. त्याला जमिनीवर कुणी बोलावलंय?"

सगळे हसले. मी नाही.

निघताना भाचीने जिन्यात गाठलं. "मावशी, तराजूचं मनावर घेऊ नकोस. परवान्याला कुणी हात लावणार नाही. माझा शब्द."

मी शब्द मागितला नव्हता. तिने आपणहून दिला.

९ फेब्रुवारी, सोमवार

हे दुपारी आतल्या खोलीचं दार लोटून झोपतात हल्ली. घोरणं मात्र ऐकू येत नाही. वय झालं की तेही कमी होतं वाटतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

गेम बाजारात येण्याआधी काही माणसं घरबसल्या खेळून बघतात आणि चुका कळवतात. त्यांना फक्त टोपणनावं असतात. खरी नावं एकट्या भाचीला ठाऊक. त्यातला एक 'बगळा'. आज ऑफिसभर त्याचंच नाव.

हा बगळा नेहमी पोर्तुगीज घेतो आणि हरतच नाही. तराजूने त्याचा एक डाव लावून दाखवला. मी बघत राहिले. आधी काहीच करत नाही! दोन बंदरं धरतो आणि बसतो. बाकीचे शहरं बांधतात, घोडदळ जमवतात, याला शेळपट म्हणतात. हा एका पायावर उभा. मग सगळ्यांचा व्यापार वाढला, जहाजं निघाली, की टिपतो.

"याला हे शिकवलं कुणी?" तराजू डोकं खाजवत म्हणाला. "आपल्यालाही हे सुचलं नव्हतं."

मला सुचलं होतं. नियमांसोबत मी चाळीस पानांची टिपणं दिली होती, खेळून बघणाऱ्यांनाही ती पाठवली होती. ऑफिसात ती कुणी वाचली नाहीत हे मला ठाऊक आहे, पहिल्या पानावर चहाच्या कपाचा गोल आहे आणि बाकीची पानं कोरी करकरीत. बगळ्याने वाचली असली पाहिजेत. ओळ न ओळ.

खरं लिहायचं तर आज फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांत किती विद्यार्थी झाले, पण आपल्या मनातलं असं कुणी उचललं नव्हतं. कोण असेल? तरुण असेल. शिस्तीचा असेल.

घरी येऊन यांना सांगितलं. हे खुर्चीत एक पाय मुडपून बसले होते. ही खोड काही जात नाही, कितीदा सांगितलं गुडघा धरेल म्हणून. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बरा दिसतोय खेळाडू."

"बरा? उत्तम आहे!"

"असेल." मग, "जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ का?"

जा म्हटलं. स्वेटर घालायला लावला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गेममधून परवाना काढून टाकला.

 लिहिणार. सगळं लिहिणार.

काचेच्या खोलीत बैठक होती. मोजेवाले, तराजू, चित्रकार मुलगी, भाची. मी नव्या नकाशाची टिपणं घेऊन गेले होते. मोजेवाल्यांनी टेबलावर बोटं वाजवली आणि म्हणाले, "बाई, पोर्तुगीजांचं जरा बदलतोय. परवान्याऐवजी त्यांना प्रत्येक बंदरामागे थोडं जास्त सोनं. सुटसुटीत."

सुटसुटीत! सोनं तर सगळ्यांनाच मिळतं. मग ते पोर्तुगीज कशाला? कुठल्याही गल्लीतला वाणी चालेल!

मी भाचीकडे पाहिलं. ती पेनचं टोपण लावत होती, काढत होती.

"कुणी सांगितलं बदलायला?"

तराजू म्हणाला, "बगळ्याने."

माझा विश्वास बसला नाही. म्हटलं, वाचून दाखवा. त्याने त्याचा शेरा पडद्यावरून मोठ्याने वाचला. शब्द न् शब्द लक्षात राहिलाय, विसरता येत नाही —

"या राष्ट्राने मी नेहमी जिंकतो. म्हणून मुद्दाम दुसऱ्या बाजूनेही खेळून पाहिलं. त्या बाजूची मला सवय जास्त. पाऊल उचललं की विचारायचं, पुढे जाऊ का. नाही असं सहसा कुणी म्हणत नाही, पण विचारावं लागतंच. काही वेळाने माणूस विचारायचा कंटाळतो आणि जहाज बंदरातच ठेवतो. मग परवाना देणारा त्या एवढ्या समुद्रावर एकटाच उरतो. तो जिंकतो, पण त्याच्याकडे कुणी येत नाही. हा नियम काढावा. ज्यांनी केला त्यांचा अभ्यास फार मोठा आहे. त्यांना हळू सांगा."

हळू सांगा! मी काय काचेचं भांडं आहे?

आणि "त्या बाजूची सवय" म्हणजे काय? हरायची?

तराजू म्हणाला, "बाई, बाकीच्यांचंही तेच म्हणणं होतं, पण याच्याइतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं." मोजेवाले म्हणाले, "मनाला भिडलं हो." चित्रकार मुलगी खाली बघत होती. भाची एक अक्षर बोलली नाही. एक अक्षर नाही! शब्द देणारी ती, आणि गप्प बसणारीही तीच.

टिपणं उचलली आणि निघाले. मागून मोजेवाल्यांच्या मोज्यांचा फसफस आवाज जिन्यापर्यंत आला. वळून पाहिलं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा पुन्हा तोच शेरा कानात. तराजूने हरकत घेतली असती तर समजलं असतं, तो उघड शत्रू. पण हा? माझीच टिपणं वाचून माझ्याच नियमाने जिंकला आणि मग त्याच नियमाचा गळा कापला. केसाने. ज्या माणसाचं मी आठवडाभर घरात कौतुक केलं!

यांना सांगताना माझा आवाज चढला. हे भिंतीकडे बघत होते. "फारच लागलं का तुला?" म्हणाले.

"लागणार नाही?"

"त्याला तसं म्हणायचं नसेल."

"तुम्ही त्याची बाजू घेऊ नका! तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

 पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला. मग, "दिवा घालवू का?"

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ताईचा फोन. "अगं पोर रडतेय इकडे. खेळण्यातल्या बोटींसाठी सख्ख्या भाचीशी अबोला धरतेस?"

खेळण्यातल्या बोटी! ताईला लहानपणापासून सगळं खेळणंच. माझ्या कंपासपेटीचं पितळी झाकण बोट म्हणून सोडून हिनेच चिखलात रुतवलं होतं.

"बोटींसाठी नाही," म्हटलं. "शब्दासाठी."

"तू ना," ताई म्हणाली, "शाळेतल्या घंटेसारखी आहेस. वेळेवर वाजतेस, पण ऐकून कुणाला आनंद होत नाही."

फोन ठेवला. सगळ्यांना एकाएकी उपमा सुचायला लागल्यात.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसात जाऊन भाचीला तिच्या टेबलापाशी गाठलं. उभ्यानेच बोलले.

"गेमच्या शेवटी नावं येतात त्यातलं माझं काढ."

"मावशी, असं काय करतेस? ती कॅराव्हेल जहाजं तुझी आहेत, किल्ले तुझे आहेत, पोपटसुद्धा तू—"

"परवाना नाही तर ते राष्ट्र माझं नाही. आणि दुसरं. बगळा कोण आहे ते सांग. मला त्याच्याशी समोरासमोर बोलायचंय."

ती पांढरीफटक पडली. "ते नाही सांगता येणार. नाव फोडणार नाही आणि शेरा दाबणार नाही, असा त्याला शब्द दिलाय."

"मलाही दिला होतास!"

आजूबाजूच्या माना वळल्या. तिचे डोळे भरले. मला वाईट वाटलं नाही — म्हणजे वाटलं, पण दाखवलं नाही.

"दोन शब्द दिले होते गं मावशी," ती पुटपुटली. "एक मोडल्याशिवाय दुसरा पाळता येईना. तू त्याला ओळखलं असतंस तर तू तरी काय केलं असतंस?"

"ओळखलं असतं तर तोंडावर विचारलं असतं."

"मग तो बोललाच नसता," म्हणाली.

या उत्तराला अर्थ नाही. घरी येईपर्यंत त्याचा विचार केला, तरी नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

नाव काढल्याचं कळवलं त्यांनी. झालं. सोमवारी कंपनीचं ओळखपत्र परत द्यायचं की या माणसांशी संबंध संपला.

२ मार्च, सोमवार

ओळखपत्र द्यायला निघाले आणि ओळखपत्रच घरी राहिलं. असं माझं कधी होत नाही. अर्ध्या रस्त्यातून परत आले.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं. फटीतून उजेड. हे झोपलेले नव्हते. कानाला हेडफोन, खुर्चीत एक पाय मुडपलेला, समोर पडद्यावर माझा समुद्र. जुना, परवान्याचा. कोपऱ्यात नाव — बगळा. टेबलावर माझ्या चाळीस पानांची घरातली प्रत, कडा चुरगळलेल्या.

चौकट उघडत होती. पुढे जाऊ का? पुढे जाऊ का? आणि हे प्रत्येकाला सोडत होते, एकालाही न अडवता. स्वतःशी हसून म्हणत होते, "जा बाबा, जा. विचारायचं काय त्यात."

किती वेळ उभी होते कोण जाणे. काय काय बोलायचं ठरवलं होतं बगळ्याला!

दारावर टकटक केली. हेडफोन होते, ऐकू गेलं नाही. पुन्हा केली, जोरात. ते दचकून वळले.

मी विचारलं, "आत येऊ का?"