लाल शर्टातली ओळख परेड

अंबरनाथ (पश्चिम)
फेब्रुवारी १९८८

आदरणीय दौलतदादा यांना,

धाकट्या शिवरामचा वाकून जयभीम. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. पोलीस चौकीच्या बाकड्यावर बसून बसून कंबर जी धरली आहे ती अजून सुटलेली नाही. तुमच्याच पोलीस खात्याचं बाकडं, तेव्हा तक्रार करत नाही, नुसतं कळवतो.) गोदूवहिनींचा गुडघा कसा आहे? अंजनी म्हणते, निर्गुडीचा पाला गरम करून बांधा आणि जिने चढणं दादांवर सोपवा. तुमच्या जमादारकीचं काय झालं? झाली असेल तर अभिनंदन. झाली नसेल तर हे पत्र वाचून चुलीत घाला, वरिष्ठांच्या हाती लागलं तर ती या जन्मी व्हायची नाही. इकडे सगळे खुशाल आहेत. सगळ्यांत मी धरलेला नाही.

कारखान्यात मी किती वर्षं हंगामी म्हणून रखडलो ते तुम्ही जाणताच. शेवटी एकदाचा कायम होण्याचा हुकूम निघाला, पण त्याला शेपूट होतं, की पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणा. माझ्या चारित्र्याबद्दल अंजनीला विचारलं असतं तर तिने पानभर लिहून दिलं असतं (चांगलंच लिहिलं असतं असं नाही), पण बायकोचा शिक्का चालत नाही. आधी आम्ही उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये भाड्याने राहायचो, म्हणून तिकडचाही दाखला हवा. तेव्हा ठेवणीतला पांढरा सुती शर्ट घातला, भांग पाडला आणि शेअर रिक्षाने गेलो. चौकी कोणती ते लिहीत नाही. टपालातली दुसऱ्यांची पाकिटं कोण कोण फोडून वाचतं हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

चौकीतल्या हवालदाराने मला "बसा" म्हटलं. मी बसलो. दाखला लिहिणारे बंदोबस्ताला गेले होते, ते आले तेव्हा साहेब नव्हते, साहेब आले तेव्हा कागद नव्हता. कोरा कागद, कार्बन आणि चहा हे तिन्ही अर्जदाराने आणायचे असतात, हे मला दुपार झाल्यावर कळलं. (अशी पाटी का लावत नाही विचारलं, तर म्हणाले, पाटीला कागद कुठाय?) मी सगळं आणून दिलं, चहा सगळ्यांनी घेतला, आणि दाखल्याला आता हात लागणार एवढ्यात आतून साहेब ओरडले की परेडला माणूस कमी पडतोय, बाकड्यावर कोण रिकामं आहे ते उचला.

ओळख परेड म्हणजे काय हे तुम्हाला सांगणं म्हणजे कोळ्याला पोहायला शिकवणं, पण अंजनी हे पत्र आधी वाचल्याशिवाय पेटीत टाकणार नाही, म्हणून तिच्यासाठी लिहितो. आरोपीला त्याच्याच वयाच्या, अंगकाठीच्या साध्या माणसांत मिसळून रांगेत उभं करतात, आणि फिर्यादीने त्यातून चोर ओळखायचा. साधी माणसं भाड्याने मिळत नाहीत, म्हणून ती रस्त्यावरून किंवा बाकड्यावरून घेतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट सरकारी कामाला मदत केली म्हणून दाखल्यात दोन शब्द बरे पडतील, असं मला हवालदाराने सांगितलं. मला ते पटलं. माझं हे असंच असतं, कुणी दोन शब्द गोड बोललं की मी रांगेत उभा.

प्रकरण असं होतं. कॅम्प तीनमध्ये टेकचंद शेठचा जीनच्या पँटी शिवायचा कारखाना आहे. तिथून पँटींचं एक गाठोडं चोरीला गेलं. त्याच आठवड्यात बारवीकडच्या एका वाडीतला देऊ नावाचा माणूस पत्रावळीची पळसाची पानं विकायला डोक्यावर गाठोडं घेऊन बाजारातून चालला होता. चोरीला गेलं ते गाठोडं, याच्या डोक्यावर तेही गाठोडं, झाला तपास! सोडून बघितलं तर आत पानं. पण साहेबांनी ते मनाला लावून घेतलं नाही. याने पँटी विकून पानं घेतली असतील म्हणाले. (दादा, जीनची पँट देऊन पळसाची पानं घेणारा माणूस सापडला तर मला कळवा, माझ्याकडे दोन जुन्या आहेत.) हवालदारानेच मला नंतर खासगीत सांगितलं की साहेबांना महिनाअखेरीला वर आकडा कळवायचा असतो, किती गुन्हे उघडकीस आले त्याचा. चोर सापडला का, हे त्या आकड्यात कुणी विचारत नाही.

परेड घ्यायला आले होते धर्मराज गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. सरकारने त्यांना विशेष दंडाधिकारी करून एक शिक्का दिलाय, एरवी ते त्याने लोकांच्या रेशनकार्डांच्या नकला खऱ्या करतात. आयुष्यात पहिल्यांदा परेड मिळालेली, त्यामुळे नियम घोकून आले होते. आल्या आल्या त्यांनी साहेबांसकट सगळ्या पोलिसांना खोलीबाहेर काढलं, दाराला आतून कडी घातली आणि आम्हाला रांगेत उभं करून खणखणीत आवाजात नियम वाचला, की आरोपीला हवं तर त्याने जागा बदलावी, हवं तर कपडेही बदलावेत.

देऊ माझ्या शेजारीच होता. अंगावर लालभडक नायलॉनचा शर्ट, कोरा करकरीत, सकाळीच पोलिसांनी दिलेला. मला वाटलं, बघा, खातं किती सुधारलंय, आरोपीला नवे कपडे देतं. तो मला हळूच म्हणाला, "दादा, तुमचा सदरा द्याल? ह्यो पाठीला चिकाटतंय." मी म्हटलं, घे बाबा. त्याने शर्ट वर ओढला तेव्हा तो सुटेना. कातडीसकट निघत होता. दादा, मी ती पाठ पाहिली. तळपायही सुजलेले होते, म्हणून तो रांगेत एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभा राहत होता. विनोदी लिहायचं ठरवून बसलोय, पण इथे माझ्याच्याने होत नाही. मला त्या खोलीत रडू आलं आणि शरम वाटली, आणि शरम का वाटली तर बाहेर मी ज्यांना चहा पाजला होता त्यांचंच हे काम होतं. गुरुजींनीही पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि कागदावर काहीतरी बराच वेळ लिहिलं. मी माझा सुती शर्ट देऊला घातला आणि त्याचा लाल आपल्या अंगात चढवला. घट्ट होता, पण माझी पाठ धड होती.

मग गुरुजींनी कडी काढून टेकचंद शेठना आत घेतलं. गोरे, गोल, घामाघूम, हातात रुमाल. गुरुजी म्हणाले, नीट सगळ्यांचे चेहरे पाहा, घाई नाही. शेठनी एकाचाही चेहरा पाहिला नाही. दारातून सरळ चालत आले आणि माझ्या छातीवर पंजा ठेवला. वर "यही है, साईं," असं गुरुजींना सांगितलं.

बाहेरून कडी वाजली, गुरुजींनी दार उघडलं, साहेब हसत आत आले, आणि लाल शर्टात मला बघून त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. शेठना मुळी शर्टच पढवून पाठवला होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. साहेब म्हणाले, चूक झाली, परत घेऊ. गुरुजी म्हणाले, पेपर फुटला तर मी परत घेतो, पण फोडणाऱ्याला आधी वर्गाबाहेर काढतो. आणि त्यांनी घडलं ते जसंच्या तसं लिहिलं, देऊची पाठ लिहिली, आणि फिर्यादीने शिवराम यास ओळखले हेही लिहून खाली ठोकला शिक्का. प्रामाणिक माणूस हो, अगदी सोन्यासारखा. त्या सोन्याने माझा गळा कापला.

कारण साहेबही काही कमी नाहीत. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, ठीक आहे, ओळखला नाही त्याला सोडतो, ओळखला त्याला धरतो. देऊला त्यांनी सोडलं. मला बाकड्यावरून उठवून दुसऱ्या बाकड्यावर बसवलं. (पहिलं अर्जदारांचं, दुसरं आरोपींचं. ढेकूण दोन्हींत सारखेच.) आलो होतो चारित्र्य घ्यायला आणि होतं तेही गेलं! संध्याकाळी अंजनी डबा घेऊन आली आणि सगळं ऐकून साहेबांवर अशी कडाडली की रस्त्यावरचे लोक आत डोकावले. "ह्यांना चोर म्हणता? ह्यांना घरात साखरेचा डबा सापडत नाही, दुसऱ्याच्या पँटी कुठून सापडतील?" बायकोने इतक्या मनापासून माझी बाजू कधी घेतली नव्हती. साहेबांनाही हसू आवरलं नाही, आणि मला रोज हजेरीच्या बोलीवर घरी सोडलं. रविवारी परत परेड आहे, या वेळी आरोपी मी. त्यात ओळखला गेलो की दाखला संपला, कारखाना संपला, आणि मुक्काम सरकारी.

रोज हजेरीला बसतो तेव्हा पोलीस खातं कसं सुधारावं याचाच विचार करतो, दुसरं काम नसतं. पेपरात येतं की आयोग बसले, अहवाल आले, पगार वाढवा, घरं द्या, शिक्षण द्या. द्या की! आमचा तो हवालदार गणपतीपासून घरी नीट झोपलेला नाही, त्याच्या क्वार्टरचं छत गळतं, आणि तरी अर्धा चहा माझ्या बशीत ओततो. असल्या माणसाला घर दिलंच पाहिजे. पण माझं म्हणणं वेगळं आहे. आधी तो महिनाअखेरीचा आकडा बंद करा, निम्मे चोर आपोआप कमी होतील. पोलिसाविरुद्धची तक्रार पोलिसाच्याच टेबलावर लिहून घेतात, ते टेबल उचलून दुसऱ्या इमारतीत न्या. लॉकअपमध्ये जाताना आणि येताना डॉक्टरने माणसाची पाठ बघावी, ताप बघायची गरज नाही. आणि वर्दी देण्याआधी प्रत्येक शिपायाला, फौजदाराला, अगदी वरच्या साहेबालाही परक्या गावच्या चौकीत साध्या कपड्यांत दिवसभर बाकड्यावर बसवावं, कोण आहे ते न सांगता. संध्याकाळी त्याला अजूनही वर्दी हवी असेल तर आनंदाने द्यावी. हे सगळं मी हवालदाराला सांगितलं. तो म्हणाला, अर्ज करा, कागद आणि कार्बन घेऊन या.

असो. तुम्ही मुळीच काळजी करू नका. तुम्हाला पत्र लिहिलं ते नुसतं मन मोकळं करायला, तुमच्याकडून मला काहीही नको. वहिनींना जयभीम, मुलांना पापा.

आपला धाकटा (आणि सध्या जामिनावरचा) भाऊ,
शिवराम

ता. क. काल टेकचंद शेठना त्यांच्या कारखान्यात भेटलो. त्यांनी गोल्डस्पॉट पाजलं आणि रडवेले झाले. म्हणाले, "साईं, चोर तो मैंने देखाच नहीं. पर धंदा करायचा तर ते बोलतील तो दिखाना पडता है." या वेळी गुरुजी सगळ्यांना एकसारखे पांढरे सदरे घालणार आहेत, हे चौकीत कळलंय. म्हणून आता शेठना कपडे सांगितलेले नाहीत, तोंड सांगितलंय. लांब वाकडं नाक, जाड मिशी आणि पुढे आलेले कान.

ता. क. २. दादा, तुमच्या लग्नातला फोटो समोर घेऊन बसलोय. आपल्या घराण्यात हे नाक आणि हे कान फक्त आपल्या दोघांना आलेत. रविवारी तुम्ही रजा काढून, वर्दी घरी ठेवून, माझ्या शेजारी उभे राहिलात तर शेठची पंचाईत होईल. त्यांनी तुमच्या छातीवर हात ठेवला तर फारच उत्तम, मग साहेबांनी एका पोलिसाला चोर ठरवून दाखवावं. काही नाही मागत म्हणालो होतो, एवढंच मागतो. आयुष्यभर तुम्ही रांगेच्या बाहेर उभे राहिलात, एकदा आत राहून बघा. (तुमच्या हातून कधी असा लाल शर्ट दिला गेलाय का, हे मी विचारणार नाही. येऊन सांगावंसं वाटलं तर सांगा.)

ता. क. ३. पत्र चिकटवलं होतं, परत फोडलं. रांगेसाठी माणसं हवीत म्हणून मी कारखान्यातल्या प्रत्येकाला विचारलं, चाळीतल्यांना विचारलं. मी साधा म्हणून उभा राहिलो आणि चोर ठरलो हे आता सगळ्या अंबरनाथला माहीत आहे, त्यामुळे प्रत्येकाचं रविवारी कुठे ना कुठे लग्न आहे. आज संध्याकाळी, बाजारात ऐकून आणि पत्ता विचारत, देऊ दारात आला. अजून लंगडतो. बारवीहून बदलापूरपर्यंत चालत आणि पुढे लोकलने आला होता, रांगेत उभं राहायला. मी म्हटलं, अरे वेड्या, त्या दारात परत पाय ठेवणार? आणि तुलाच ओळखलं तर? म्हणाला, "ओलखलं तं ओलखलं. तुमी एकलं कसं उभं ऱ्हाल?"

दादा, तो येतोय. तुमचं काय ते उलट टपाली कळवा.