पाठ गरम करून

३ जानेवारी

सकाळी साडेसातला सासूबाईंना पलंगावरून खुर्चीत बसवलं. दुपारी परत पलंगावर. हे गेले त्याला आज तीन आठवडे. तोवर उचलण्याचं काम ह्यांचं होतं.

कंबर धरली आहे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी काय पोतं आहे, अशी ओढतेस?" दोघी हसलो.

५ जानेवारी

खालच्या जिममधल्या बाईंना विचारलं. उचलण्याआधी पाठ गरम करायची म्हणे! हातागुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ वर-खाली, दहा वेळा. मग उताणं झोपून कंबर उचलायची. मग पाठीला काठी लावून कमरेतून वाकायचं — काठी सुटता कामा नये.

घरी काठी नाही. झाडूचा दांडा घेतला. सासूबाई पलंगावरून मोजत होत्या. "सात! — वाकडी झालीस. पुन्हा सात!"

९ जानेवारी

नणंदेचा फोन. "वहिनी, हट्ट सोड. आईला वृद्धाश्रमात ठेवू. तिथे उचलायला माणसं असतात."

मी म्हटलं, मी करते. जाताना ह्यांना काही सांगायला वेळच मिळाला नाही. त्यांच्यासाठी आता एवढंच करता येण्यासारखं उरलं आहे.

१० जानेवारी

पाठ ठीक.

१४ जानेवारी

चूक माझीच. साडेसहाला व्यायाम उरकला. मग पाणी भरलं, चहा केला, सासूबाईंचं अंग पुसलं. उचलायला आठ वाजले. अर्ध्यावर कमरेत कळ आली. सोडता येईना, उचलता येईना! तशाच सरकत दोघी जमिनीवर बसलो. शेजारच्यांनी हाक ऐकेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर सासूबाई माझ्या कमरेवर हात फिरवत राहिल्या.

जिमच्या बाई म्हणाल्या, "दीड तासानं? पाठ गार झाली की हो! गरम केली की लगेच उचलायचं."

१५ जानेवारी

उठता येत नाही. नणंद नवऱ्याला घेऊन आली आहे. तेच दोघं उचलतात.

१७ जानेवारी

सासूबाईच म्हणाल्या, मला आश्रमात न्या. मी कधी नव्हे ती आवाज चढवून बोलले — आता चुकणार नाही, लगेच उचलेन! त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. लेकीला म्हणाल्या, "हिचा नवरा गेला. पाठ तरी राहू दे."



१९ जानेवारी

सकाळी नेलं. दोन माणसांनी अलगद उचललं.

त्यांची चादर धुतली. पिळायला दुसरं कुणी नाही. एक टोक नळाला अडकवलं आणि पीळ दिला.