रक्तपेढीचं काम चालू आहे

कारेलीबाग, बडोदे
२९ सप्टेंबर १९९६

ती. दादा,

नमस्कार. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण समोरच्या सोसायटीतली गरब्याची तालीम बघायला गच्चीत चढताना बरे गप्प बसतात! तू दसऱ्याला येतोयस म्हटल्यापासून तिने बासुंदीची भाषा सुरू केली आहे.

रक्तपेढीचं काम चालू आहे.

हे वाक्य लिहून मी उठले, पाणी प्यायले, परत बसले. मला चैन नाही, दादा.

सॉफ्टवेअरची कंपनी काढून तू अमेरिकेला गेलास, कारभार माझ्यावर सोपवलास. फोनवर म्हणालास, "फॉक्सप्रो आता पोरखेळ, रक्तपेढीचा प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये करा." मी मान डोलावली. भाषा चांगलीच आहे, तिला बोल नाही. पण फॉक्सप्रोमध्ये दोन दिवसांत स्क्रीन उभी राहायची आणि गिऱ्हाईक समोर बसून भांडायचं, "असं नाही, तसं हवं." त्या भांडणातच आमच्या चुका सापडायच्या. इथे संक्रांतीपासून नुसता पाया भरतोय. दाखवायला काही नाही, म्हणून भांडायलाही कोणी नाही. आमचा प्रोग्रॅमर हार्दिक रोज सांगतो, "बेन, कंपाइल थई गयुं, एक पण एरर नथी!" म्हणजे कॉम्प्युटरला लिहिण्यात चूक सापडली नाही, एवढंच. आणि मी तेच तुला फोनवर सांगते.

काल शेवटी रक्तपेढीच्या डॉक्टर मंदाकिनीबाईंना निजामपुऱ्याच्या ऑफिसात बोलावून कॉम्प्युटरपुढे बसवलं. ऑपरेशनला नेलेली पिशवी न वापरता परत आली तर कुठे नोंदवायची, असं त्यांनी विचारलं. आम्ही ते धरलंच नव्हतं. हार्दिकने ती नवीन पिशवी म्हणून घातली, आणि स्क्रीनवर जुनं रक्त ताजं झालं, मुदतसुद्धा वाढली! आता सगळं पायापासून उकरावं लागणार.

तेव्हा तुला न विचारता मी बाईंना सांगून टाकलं: खंडेनवमीला कॉम्प्युटरला हळदकुंकू खुशाल वाहा, पण रक्त जुन्या पद्धतीनेच द्या. दसऱ्याला तुझ्या हस्ते व्हायच्या उद्घाटनाची पत्रिकाही छापू नका म्हटलं. आजवर तुझ्या शब्दाबाहेर मी गेले नव्हते. हवं तेवढं रागाव, पण हे मी मागे घेणार नाही.

आणखी एक. कालपासून मला "सगळं ठीक" हे शब्द ऐकवत नाहीत. तुझ्या फोनच्या शेवटी मोहनावहिनी आईशी बोलायची. हल्ली ती दर वेळी "बाहेर गेलीय" असते. आई म्हणते, कामात असेल. मीही आईला तेच म्हणत आले. तू तिकीट एकट्याचंच काढलं आहेस ना?

उद्घाटन नसलं तरी ये. काही मोडत असेल तर मला आत्ताच सांग, दादा, पार मोडल्यावर नको.

तुझ्या शब्दाबाहेर गेलेली, तरी तुझीच,
शलाका