चार टायर, मुक्काम पूर्णा

परभणी,
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप तात्याराव भाऊसाहेब यांना धाकट्या मेहुण्याचा, व्यंकटरावचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे हा साष्टांग फक्त कागदावर. कारण पुढे येईल.) तुमचे गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला थांबला का? कमल बरी असेलच, कारण ती भावाकडे आहे आणि मी तिथे नाही. फोनच केला असता, पण तुमच्या घरी फोन स्पीकरवर असतो आणि स्पीकरशेजारी कमल असते, म्हणून ही पोस्टाची वाट धरली.

तिने तुम्हाला काय सांगितलं असेल ते मला इथे बसून ऐकू येतंय, तेव्हा आता माझीही बाजू ऐका. आमच्या हरिओमने हैदराबादेत नवी गाडी घेतली आणि त्याची जुनी हायब्रिड आमच्या दारात आणून लावली. गाडी गुणाची. हळू चालवली की बॅटरीवर चालते, आवाज म्हणून नाही. गल्लीतली कुत्रीसुद्धा ती निघून गेल्यावर भुंकतात. पण टायर झालेत पार गुळगुळीत. पोरगा फोनवर म्हणाला, बाबा, टायर घ्या ते पेट्रोल वाचवणारे, हलके पळणारे, नाहीतर हायब्रिड असून काय उपयोग? झालं, माझी झोप गेली. हलके पळतात ते महाग, स्वस्त मिळतात ते जड पळतात, आणि जे स्वस्तही आहेत आणि हलकेही, ते या गाडीच्या मापात येत नाहीत. तुम्ही रेल्वेत गार्ड म्हणून उभा जन्म लोखंडाच्या चाकांवर काढला, तुम्हाला हे दुःख कळायचं नाही. (आत्ताच उठून टायर बघून आलो. तसेच आहेत.)

मग विचारत सुटलो. पेडगावचं आपलं रान बटईने करतो तो आश्रुबा टायरवर अंगठा दाबून म्हणाला, "मालक, ह्ये असलं गुळगुळीत काय कामाचं? ट्रॅक्टरवानी खोल नक्षीचं टाका, काळ्या मातीत लय धरतंय." शेजारचे बन्सीधर सर (गणिताचे, निवृत्त) म्हणाले, प्रश्न नक्षीचा नाही, हवेचा आहे, हवा वाढवा, जुनेच टायर हलके पळतील. टायरवाला सूर्यभान म्हणाला, जुन्यावरच रबर चढवून देतो. कमल म्हणाली, काहीही टाका, पण टाका. तिचा सल्ला इतका सोपा होता की मी तो मनावर घेतला नाही.

सरांचा सल्ला फुकटातला, म्हणून आधी तो. हवा ठासून भरली आणि गाडी किती हलकी पळते ते बघायला आमच्या उतारावर ती बंद करून मी मागून ढकलली. आत सर. भाऊसाहेब, पळाली हो! पण बंद गाडीचा ब्रेक दगडासारखा होतो, हे आम्हा दोघांनाही त्याच वेळी कळलं. गाडी निवांत, चकार शब्द न काढता, उताराखाली राहणाऱ्या बायनाबाईच्या कडब्याच्या गंजीत शिरली. बाजूला तिची म्हैस. आवाजच नसल्यामुळे ती हलली नाही, काचेतून सरांकडे बघत रवंथ करत राहिली. सरांनी तसंच बाहेर येऊन जाहीर केलं की प्रयोग यशस्वी आहे. माझी कंबर गेली ती तिथे. बायनाबाई जे बोलली ते वडीलधाऱ्यांना लिहिण्याजोगं नाही.

त्याच फुगवलेल्या टायरांवर कमलला घेऊन पेडगावहून येत होतो. पावसाची भुरभुर, रस्त्यावर ट्रॅक्टरने आणलेला चिखल आणि पुढे बैलगाडी. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, नाही कशाला म्हणू? पण मी सांगितलं तिथे नाही थांबली. बैलगाडीत आणि आमच्यात वीतभर अंतर उरलं. कमलने माझं मनगट धरलं होतं, ते तिला बराच वेळ सोडता येईना. मीही भ्यालो होतो, खरं सांगतो. पण तोंडातून काय निघावं? "ॲव्हरेज बघ, काय झकास पडलंय!" ती उतरली, मागून आलेल्या ऑटोत बसली आणि स्टेशनवरून थेट तुमच्याकडे, पूर्णेला. निरोप एकच: न्यायला याल तर गाडीनं, अन् नव्या टायरांवर. तोवर मी इथंच.

तेव्हापासून चित्त ठिकाणावर नाही. रोज दुकानात जातो, एका टायरची चौकशी करतो आणि दुसऱ्याचा विचार करत परत येतो. सूर्यभान पूर्वी मला पाहून चहा सांगायचा, आता शटरकडे बघतो. कुकर लावला की टायर आठवतात आणि वरण करपतं. चहात साखर कधी दोनदा पडते, कधी पडतच नाही. घराचं त्या गाडीसारखं झालंय, चालू आहे की बंद ते कळत नाही. मला करमत नाही, भाऊसाहेब. (पुन्हा बघून आलो. तसेच.)

असो. वहिनींनी काढा सोडू नये, तुम्ही जिने चढू नयेत.

आपला,
व्यंकटराव

ता. क. मुख्य काम राहिलंच. कोणते टायर घ्यावेत ते कमलला विचारून कळवा. पण तुम्हालाच उत्सुकता आहे अशा बेताने विचारा, माझं नाव नको.

ता. क. २. पाकीट चिकटवणार एवढ्यात सूर्यभान ऑटोत चार नवे टायर घालून दारात हजर! मी तर काही सांगितलं नव्हतं. म्हणाला, "काकूंनी कालच फोन केलता. पावसात ब्रेक दाबल्यावर कोणतं लवकर थांबतंय, येवढंच इचारलं. म्या म्हनलं, भाव परवडंल, पर ॲव्हरेज जरा कमी पडंल. तर म्हनल्या, पडू द्या. मानूस घरी आला पायजे."

मी इतक्या लोकांना विचारलं, पण गाडी थांबेल कशी, ते कुणालाच विचारलं नाही.

ता. क. ३. टायर बसले. आता हे पत्र पोस्टात टाकत नाही, उद्या सकाळी गाडीने मीच घेऊन येतो. गाडीचा आवाज येणार नाही, म्हणून दारात हॉर्न वाजवीन. वाजला की कमलला पुढे पाठवा, आणि ती गाडीत बसेपर्यंत हे पत्र कृपा करून उघडू नका.