माझ्या स्वगताचे चाहते सदाशिवराव डॉक्टर

२ जानेवारी १९६२, राळेगाव
२६ जानेवारीच्या नाटकात राजाचा रोल मलेच भेटला. दीड पानाचं स्वगत. दोन दमात म्हणाचं ठरवलं. बिडी उद्यापासून बंद.

३ जानेवारी
बिडी सोमवारपासून बंद. अर्ध्या आठवड्यात सुरुवात करणं बरं नाही.

६ जानेवारी
पहिली तालीम. नाटक बाबूसिंग मास्तर बसवून राह्यले. स्वगतात काहून थांबता म्हणे. म्हटलं, त्याले पॉझ म्हणतात. आमचे फॅमिली डॉक्टर सदाशिवराव समोर बसलते. माझ्यावरची नजर हलली नाही. माणसाले अभिनय कळते.

९ जानेवारी, सकाळी
खोकला. सरकी काढाच्या जिनिंग कारखान्यातल्या कापसाची धूळ, दुसरं काही नाही. सुपरवायझर आहो, धूळ खावीच लागते. सीझन संपला का जाते. कोकिळा म्हणे, मागच्या वर्षी होळीनंतरही होता. बायकोले नको ते बरं ध्यानात राह्यते. बिडी बंदच आहे. जेवणानंतरची धरत नाही.

१३ जानेवारी
डॉक्टर तालमीले पुन्हा आले. माझं स्वगत घड्याळ लावून ऐकलं. बहुतेक मेडल देतीन. कोकिळेले कोटाले इस्त्री कराले सांगितलं.

१७ जानेवारी
डॉक्टरनं दवाखान्यात बोलावलं. कोट घालून गेलो. त्यानं काढाले लावला. छातीले नळी लावली. मग काडी पेटवून समोर धरली. तोंड उघडं ठेवून फुका म्हणे. विझली नाही. म्हटलं, काडी चांगल्या कंपनीची दिसते. डॉक्टर हसले नाही.
"विठ्ठलराव, मी स्वगत नाही, तुमचा श्वास ऐकाले येत होतो. तुमच्या बाबाले माझ्याकडे आणलं, तवा ते बसूनच झोपत होते. उशीर झालता. तुमचं लवकर सापडलं. फुप्फुसाचं गेलं ते येत नाही, पण राह्यलं ते वाचवू."
बिडी सोडा, धुळीतून निघा म्हणे.
बाबा बसून झोपत ती खाट रस्ताभर डोळ्यापुढं होती.

२० जानेवारी
मालकानं धुळीतून काढून वजनकाट्यावर बसवलं. बिडीचं बंडल कोकिळेनं चुलीत टाकलं. कोटाच्या खिशात दोन बिड्या होत्या. त्याही दिल्या. एक दिली.

२२ जानेवारी
दुसरीही दिली. मास्तरले म्हटलं, स्वगत छोटं करा, राजा मीच करतो. विचार करतो म्हणे. करतीनच.

२७ जानेवारी
कालच्या नाटकात मास्तरनं राजाचा रोल डोंगरसिंगले दिला. स्वगत एका दमात म्हटलं. त्यात भावना कमी होती.
मले राजाचा मेलेला बाप दिला. डायलॉग नाही, फक्त पडून राहाचं. पोट हलू नये म्हणून श्वास धरला. जमलं नाही. खोकलो. डोंगरसिंग रडता रडता हसला, मग सारा मंडप हसला.
खेळ सुटल्यावर कोकिळेनं डॉक्टरजवळ तक्रार केली, ह्यायले धड मरताही येत नाही.
डॉक्टर म्हणे, "वहिनी, मरता येऊ नये म्हणूनच तर दवाखान्यात बोलावलं होतं."