अप्पांची दाढ आणि माझा अर्ज

१० जून १९७४, सोमवार

इंटर सायन्सचा निकाल लागला. पास. सत्तेचाळीस टक्के. बी ग्रूपचं ॲव्हरेज चोपन्नच्या आसपास आहे, असं बोर्डापाशी कोणीतरी म्हणत होतं. ॲव्हरेज हा प्रकार मला कधीच पटलेला नाही. पाच-सहा हुशार पोरं ते उगाच वर ओढतात. त्यांना वगळलं तर मी बऱ्यापैकी मध्ये येतो.

रामहरीला एकाहत्तर. हा नातेपुत्याचा, होस्टेलवर राहतो, प्रॅक्टिकलला माझा पार्टनर. बेडूक तो कापायचा, आकृती मी काढायचो. त्याची मेडिकलची सीट ठरल्यात जमा. मला म्हणाला, चन्नवीर, तू काय करणार हायस आता? म्हटलं, विचार चालू आहे.

घरी पास झालो एवढंच सांगितलं. अप्पा दुकान नोकरावर सोडून पेढे घेऊन आले. टक्के विचारले नाहीत. एक पेढा तोंडात टाकला आणि गाल धरून बसले. खालची दाढ दुखते म्हणे.

११ जून

दिवसभर विचार. एम.बी.बी.एस.मध्ये मला रस नाही, हे आज स्पष्ट झालं. डेंटल बरं. दातांच्या डॉक्टरला रात्री-अपरात्री कोणी उठवत नाही. मुख्य म्हणजे दाताने कोणी मरत नाही, त्यामुळे मनावर ताण नाही. हुशार पोरं सगळी मेडिकलला पळतात, म्हणजे डेंटलला जागा मोकळ्या राहत असणार. कुणाला विचारलेलं नाही, पण तर्क बरोबर आहे.

जेवताना सांगितलं की डेंटलला अर्ज करायचा विचार आहे. मी 'विचार आहे' असंच म्हणालो. अप्पांनी 'अर्ज' एवढंच ऐकलं.

१३ जून

मंगळवार पेठेतल्या आमच्या शेंगदाण्याच्या दुकानात आता मला डॉक्टर म्हणतात. हमालसुद्धा. अप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. मी अडवलं नाही. वडीलधाऱ्यांचा उत्साह मोडू नये.

जगदेवी, माझी धाकटी बहीण, भाकरी थापता थापता म्हणाली, अण्णा, सत्तेचाळीसला घेतात का? (हिने कॉलेजात जाऊन बोर्ड वाचला. ही सवय चांगली नाही.) मी समजावलं की अर्ज करणं वेगळं आणि ॲडमिशन मिळणं वेगळं. ती म्हणाली, मग अप्पांना तेवढंच सांग की.

सांगणार आहे. योग्य वेळ बघून.

१५ जून

अप्पांची दाढ थांबेना. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणाली, नव्या पेठेत दाताचे डॉ. बिराजदार आहेत, दाखवून या. अप्पा म्हणाले, घरात दाताचा डॉक्टर तयार होतोय आणि मी दुसऱ्याच्या हातात तोंड देऊ व्हय? चार वर्षं कळ काढतो की. सगळे हसले. मीही हसलो. नंतर लक्षात आलं, अप्पांनी भाकरीला हातच लावला नव्हता. नुसती आमटी प्याले.

रामहरीने मुंबईहून डेंटलचा फॉर्म मागवून दिला. शेवटची तारीख २९ जून. वेळ भरपूर आहे.

१७ जून

लायब्ररीतून 'दातांची निगा' हे पुस्तक आणलं. अप्पांच्या दाढेला लवंगेचं तेल लावलं. म्हणाले, बरं वाटतंय. माझा पहिला पेशंट. तेल आधी भलत्याच दाताला लागलं, पण ते तोंडात अंधार असल्यामुळे.

संकल्प: उद्यापासून रोज एक प्रकरण वाचणे. फॉर्म भरणे. टक्क्यांचं सांगणे.

१९ जून, दुपार

प्रकरण वाचून झालं नाही. त्याऐवजी प्रत्यक्ष अनुभव घ्यावा म्हणून डॉ. बिराजदारांच्या दवाखान्यात गेलो. बाकावर बसून निरीक्षण करायचं ठरवलं होतं. आतून एक माणूस ओरडला. मी उठून पाणी प्यायला गेलो. परत आलो तेव्हा डॉक्टर स्वतः दारात उभे. काय तक्रार आहे, म्हणाले. मी म्हटलं, काही नाही. तरी खुर्चीत बसवलंच. माझ्याच दोन दाढा किडल्या आहेत म्हणे.

मग डेंटलचं सांगितलं. डॉक्टर खूश झाले. टक्के किती? मी म्हटलं, निकाल लागायचाय. ते म्हणाले, मागच्या वर्षी साठच्या खाली घेतलं नव्हतं, पण अर्ज करायला काय जातं. करून टाक.

अप्पांच्या दाढेचं विचारायचं राहिलं. म्हणजे विचारता आलं असतं. पण ते म्हणाले असते, घेऊन या. अप्पा आले असते तर गप्पा निघाल्या असत्या. साठचा आकडा निघाला असता. आज ती वेळ नव्हती.

२२ जून

अप्पांचा गाल सुजला. पुस्तकात थंड शेक लिहिलाय. पण ते पुस्तक कुठल्यातरी थंड मुलखातल्या माणसाने लिहिलेलं दिसतं. मी मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक दिला. सूज एका जागी गोळा झाली. हे चांगलं लक्षण असावं.

अव्वा पुन्हा म्हणाली, बिराजदारांकडे जाऊ. अप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. अव्वा माझ्याकडे बघत राहिली. मी पुरचुंडी गरम करायला आत गेलो.

२४ जून

फॉर्म भरला. टक्क्यांचा रकाना तेवढा मोकळा. अक्षर मात्र छान आलंय.

संध्याकाळी रामहरी आला. उद्या तो मुंबईला निघालाय. अप्पांच्या पाया पडला आणि मला हाताला धरून बाहेर ओढलं. म्हणाला, आरं त्यास्नी ताप हाय. हात लावून बघितलास का न्हाई? मी म्हटलं, उपचार चालू आहेत. कुणाचं, म्हणाला. मी विषय बदलला, फॉर्मचं काढलं. तो म्हणाला, दे की हिकडं, मी जातोच हाय, नेऊन देतो. मी म्हटलं, अजून माझा निर्णय पक्का नाही. त्याने फॉर्मसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाला, न्हाई मिळालं तर न्हाई म्हणतील, मारत न्हाईत.

त्याला सोपं आहे. त्याला कोणी नाही म्हणणार नाही.

२६ जून

अप्पांना तोंड उघडता येईना. दातांच्या फटीतून ताक पाजलं. आज दुकान बंद. असं मी जन्मल्यापासून पाहिलेलं नाही. मिलचा भोंगा झाला, लिंगपूजेची वेळ टळून गेली, तरी अप्पा भिंतीकडे तोंड करून पडलेले.

ठरलं. उद्या सकाळी सगळं सांगायचं. टक्के, साठ, सगळं. मग दवाखान्यात न्यायचं. क्रम बदलायचा नाही.

२७ जून, सकाळ

अप्पांजवळ जाऊन बसलो. म्हटलं, अप्पा, ते माझ्या टक्क्यांचं जरा. त्यांनी हात वर केला. दात आवळलेलेच होते, त्यातूनच म्हणाले, भिऊ नको, थांबतो मी.

बाहेर येऊन उभा राहिलो. पुन्हा आत गेलो. पुन्हा बाहेर आलो.

२७ जून, संध्याकाळ, सिव्हिल हॉस्पिटल

दुपारी सूज हनुवटीखाली उतरली आणि श्वासाचा आवाज यायला लागला. मी पुस्तकात 'श्वास' शोधत होतो. जगदेवी पायात काही न घालता पळत गेली. परत आली ती टांग्यातून, बरोबर डॉ. बिराजदार. त्यांनी बॅटरी मारून बघितलं, गळ्याला हात लावला आणि म्हणाले, उचला, आत्ताच्या आत्ता सिव्हिलला. मला बघून ओळखलं.

टांग्यात विचारलं, गरम शेक कोणी दिला? जगदेवीने माझ्याकडे पाहिलं. मी घोड्याकडे पाहिलं. अप्पांना धड थुंकी गिळता येत नव्हती, तरी म्हणाले, मीच. डॉक्टर रागावले. या वयात एवढी अक्कल नको का, म्हणाले. अप्पांनी मान हलवली.

ते खोटं का बोलले, समजलं नाही. मी सांगणारच होतो.

२८ जून

सकाळी दाढ काढली आणि पू बाहेर काढला. डॉ. बिराजदार स्वतः आले होते. डोकं धरायला घरचा माणूस हवा म्हणाले. अप्पांनी माझा हात ओढला. मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं. डोळे मिटले होते, पण शेवटपर्यंत सोडलं नाही. नंतर जगदेवी म्हणाली, अण्णा, डोकं मी धरलेलं, तू खुर्चीचा दांडा धरून उभा होतास.

असेल. कुणीतरी खुर्चीही धरायला हवी होती.

डॉक्टर बाहेर येऊन अव्वाला म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर गळा बंद झाला असता. अव्वा खाली बसली. दाताने कोणी मरत नाही असं मी मागे लिहिलंय. ते तत्त्वतः बरोबर आहे. हे दाताने नव्हे, सुजेने होत होतं.

मागच्या त्या वाक्यावर काट मारली. मग पुन्हा लिहिलं. आता काट आणि वाक्य दोन्ही तसंच राहू दे.

२९ जून, वॉर्डात

फॉर्म शर्टाच्या खिशात आहे. सकाळपासून चारदा काढला, चारदा ठेवला. पेनिसिलिनमुळे अप्पांचा ताप उतरलाय. डोळे मिटून पडलेत.

अकराच्या सुमारास डॉ. बिराजदार आले. जखम बघितली, हात पुसले आणि मला सहज विचारलं, काय, लागला का निकाल? अप्पा समोर. अव्वा समोर. शेजारच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा वळला. मी म्हटलं, लागला. सत्तेचाळीस.

डॉक्टर म्हणाले, आज शेवटची तारीख ना? आता पोस्टाने पोचायचं नाही. मी म्हटलं, मी अजून विचार करत होतो. ते म्हणाले, आता त्याची गरज राहिली नाही. आवाज मात्र कडक नव्हता. जाताना खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर अप्पा डोळे न उघडता म्हणाले, मला ठाव हुतं.

काय, म्हटलं. म्हणाले, सत्तेचाळीस. निकालादिवशीच तुमच्या कॉलेजचा शिपाई दुकानात शेंगदाणे न्यायला आलेला, त्यानंच सांगितलं.

मी विचारलं, मग माझ्यासाठी थांबलात कशाला? अप्पांनी डोळे उघडले. म्हणाले, तुज्यासाठी कुटं थांबलो. पक्कड बघितली की माजे पाय लटपटतात रे. तुजं नाव घेतलं की तुजी अव्वा गप बसायची, म्हणून घेत हुतो.

अव्वा कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. मला कन्नड येतं, पण ते मी इथे लिहिणार नाही.

म्हणजे माझ्यावर विश्वास वगैरे काही नव्हता. आम्ही दोघं एकमेकांच्या मागे लपलो होतो आणि दोघांनाही वाटत होतं, पुढे कोणीतरी उभा आहे.

मी अप्पांना म्हटलं, टांग्यात तरी माझं नाव सांगायचं होतं. ते म्हणाले, तू सांगशील म्हणून वाट बघितली जरा.



३ जुलै

अप्पा घरी. मऊ भात खातात. निर्णय घेतला: यंदा डेंटलला अर्ज करायचा नाही. सर्व बाजूंनी विचार करून घेतला. मुदत संपली आहे, हा त्यातला एक मुद्दा.

जगदेवीला निर्णय सांगितला. तिने बरं म्हटलं आणि माझ्या शर्टाच्या खिशातला फॉर्म काढून शर्ट धुवायला टाकला.

८ जुलै

बी.एस्सी.ला नाव घातलं. बॉटनी. पानाफुलांना वेदना नसतात. कॉलेज सुरू होईपर्यंत सकाळी दुकानात बसायचं आहे. अप्पा गल्ल्यावर, मी तराजूवर.

आज मैंदर्गीची चंद्रव्वा आली. अप्पांच्या आजोळची, म्हणजे आमच्या आजीच्या ओळखीची. दुकानात शिरताच माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तोंड उघडलं. म्हणाली, तू डॉक्टर हायस म्हनं, बघ की, लई ठणकतंय. अप्पा वहीत बघायला लागले. मदतीला कोणी नाही.

मी वाकून बघितलं. या वेळी डोळे उघडे होते. हिरडी लाल, गाल जरा फुगलेला. म्हटलं, चंद्रव्वा, मी डॉक्टर नाही. होणारही नाही बहुतेक. नव्या पेठेत बिराजदार आहेत, आजच जा. आणि शेक देऊ नका.

ती तोंड मिटून म्हणाली, आजच जावं लागतंय ते मलाबी ठाव हाय. त्याला तुजी काय गरज? तसं म्हणून अर्धा किलो शेंगदाणे मागितले.

मी तोलून दिले. तिचं दुखणं बघून वर एक मूठ टाकली. अप्पांनी उठून ती मूठ परत पोत्यात टाकली. म्हणाले, दुखणं तिचं, शेंगदाणं आपलं.